जिम्बाटचं लहान पोट

जंगलतोडीच्या कॅम्पात जिम्बाट बुलडोझर चालवायचा, मी ओंडक्यांना साखळ्या लावायचो. साखळी नीट बसली नाही तर ओंडका सुटतो आणि खालचा माणूस जातो. म्हणून मी माणसाला कामावरून ओळखतो. जिम्बाट कामाचा होता. वजन तेवढं वाढत गेलं. शेवटी शेवटी यंत्रावर चढताना तो शिडीच्या मध्यावर थांबायचा, आणि कॅम्पवाले दुसरा चालक शोधू लागले. साखरेच्या दुखण्यानं त्याच्या बापाचा आधी पाय गेला, मग बाप. ते जिम्बाटनं पाहिलं होतं. तो कुचिंगच्या इस्पितळात गेला आणि पोट कापून लहान करून घेऊन आला.

"केळ्याएवढं ठेवलंय," लांबघराच्या ओसरीवर माझ्या शेजारी टेकत तो म्हणाला. मला तो आकी, म्हणजे आजोबा, म्हणायचा. "आकी, मी घडच्या घड संपवायचो. आता एक केळं मला पुरून उरतं."

"मग बायको खूश असेल."

"सेलाका? ती म्हणते, लग्न एकाशी केलं होतं, घरी दुसराच आला."

आधी नुसती पेज, मग कुसकरलेला मासा, मग मऊ भात. घास पाण्यासारखा होईपर्यंत चावायचा, घाई करायची नाही, जेवताना पाणी प्यायचं नाही. मी त्याला चावताना पाहायचो. लोक चावण्याला काम समजत नाहीत. जिम्बाट समजायचा. डोळे खाली, जबडा एका लयीत, मध्ये बोलणं नाही. माझ्या हाताखाली असा माणूस असता तर मी त्याची साखळी तपासायला गेलो नसतो.

अडचण घासाची नव्हती, हाकेची होती. आमच्या लांबघरात सगळं गाव एका छपराखाली राहतं; ओसरी एकच, सगळ्यांची दारं तिच्यावरच उघडतात. जेवणाच्या वेळी चालत निघालं की प्रत्येक दारातून हाक येते, ये, जेव. नको म्हणता येतं. पण अन्नाला न शिवता पुढं जाता येत नाही. बोट लावायचं, ओठाला न्यायचं, मग जायचं. हाक ओलांडून तसाच गेला त्याला पुनी लागते. साप चावतो, होडी उलटते. आमच्या कॅम्पात न्यालाऊला कॉफीला बोलावलं, तो घाईत तसाच गेला आणि दुपारी ओंडक्याखाली सापडला. ती साखळी मी तपासली होती. ती धड होती.

तेव्हा जिम्बाट प्रत्येक दाराशी थांबायचा, बोट लावायचा, ओठाला न्यायचा. गावाईच्या, म्हणजे सुगीच्या सणातसुद्धा त्यानं तेच केलं. लोक टोमणे मारत होते, "बोटाला चव कळते का रे?" तो हसायचा. एवढ्या दारांतून त्यानं एकही घास पोटात जाऊ दिला नाही आणि एकही हाक ओलांडली नाही. हे सोपं काम नव्हे.

सण उलटला त्या सकाळी त्याला कॅम्पात हजर व्हायचं होतं. कॅम्पवाल्यांनी यंत्र परत देऊन पाहायचं कबूल केलं होतं. मलाही गुडघे दाखवायला कापितच्या इस्पितळात जायचं होतं. होडीवाला खालून ओरडत होता. शेवटच्या दारात इनी लावाई, म्हणजे लावाई आजी, बसली होती, पुढ्यात बांबूत शिजवलेला चिकट भात.

"जिम्बाट, खाऊन जा रे."

"आल्यावर, इनी," म्हणत तो पायऱ्या उतरला. हात पिशव्यांनी भरलेले होते.

म्हातारीनं पुढं केलेली नळी तशीच राहिली. पण जिम्बाटच्या आईनं ते पाहिलं. आम्ही होडीत बसलो तोवर ती भाताची नळी घेऊन धावत काठावर आली.

"खा."

जिम्बाटनं भाताला बोट लावलं.

"शिवून आता भागत नाही. हाक मागं टाकून आलास. खा."

"आई, हा भात चालत नाही मला. गोळा होतो."

"यंत्रावर चढणार आहेस. न्यालाऊ कसा गेला ते विसरलास?"

होडीवाल्यानं इंजिन सुरू केलं. आईला म्हणाला, "इंदाई, त्याला भरव नाहीतर उतरव. मला दिवसभर इथं थांबायचं नाही."

आई गुडघाभर पाण्यात उभी होती. जिम्बाटनं माझ्याकडं पाहिलं. मी नदीकडं पाहत होतो. त्यानं गोळा तोंडात टाकला, दोनचारदा चावला आणि गिळला. पोट कापल्यापासून इतकं वाईट काम त्यानं पहिल्यांदाच केलं.

वळण ओलांडण्याआधी त्यानं छातीवर मूठ दाबली. मग तोंडातून फेस येऊ लागला. त्याला स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना. होडीतलं पाणी उपसायचा डबा मी त्याच्या हनुवटीखाली धरला. तो ओकायचा आणि फेसाशिवाय काही यायचं नाही. कॅम्पाचा धक्का मागं गेला. तिथं कुणीतरी उभं राहून वाट पाहत होतं. होडीवाल्यानं होडी पूर्ण वेगानं कापितकडं सोडली.

इस्पितळात घशातून नळी घालून त्यांनी गोळा काढला. डॉक्टर जिम्बाटवर चिडला, "हे खायला कुणी सांगितलं?" नर्स आमच्यातलीच होती. डॉक्टर गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "हाक कुणाची होती?"

परत आल्यावर आई म्हणाली, "लागलीच शेवटी पुनी. घास खाल्ला म्हणून जीव तरी वाचला." सेलाका म्हणाली, घास खाल्ला म्हणूनच जीव जात होता. दोघी एका चुलीवर राबतात, पण त्यानंतर एकमेकींशी बोलताना भांड्यांकडं बघत बोलतात.

लांबघरानं बैठक घेतली नाही, तरी सगळ्यांचं एकच ठरलं. बोलावलंच नाही तर पुनी कसली? जिम्बाट ओसरीवरून येताना दिसला की ताटावर पान पडायचं, दार लोटलं जायचं, बोलणं थांबायचं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण मेलेल्यालाही आम्ही अन्न ठेवतो, हाक मारून ठेवतो.

काही आठवड्यांनी कॅम्पातून पुन्हा निरोप आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी जिम्बाट माझ्या दारात आला. गालफडं बसली होती.

"आकी, मला हाक मार."

"कशाला?"

"उद्या यंत्रावर चढायचंय. लोकांना वाटतं, तोंडानं बोलावलं नाही म्हणजे मी सुटलो. पण ताट झाकताना मनात येतंच ना त्यांच्या, याला द्यावं. मनातल्या त्या हाकेला मी बोट कुठं लावू?"

मी भाताचं ताट पुढं ओढलं. मी म्हणालो, "ये, जेव."

त्यानं भाताला बोट लावलं, ओठाला नेलं. मग आपणहून चार शितं घेतली आणि चावत बसला. गिळून झाल्यावर तळवा छातीवर ठेवून त्यानं वाट पाहिली. मीही पाहिली. शितं खाली उतरली.

"बरं," म्हणून तो उठला.

तो आपल्या खोलीकडं गेला नाही. शेजारच्या दाराशी जाऊन हाकेची वाट पाहत उभा राहिला. दार लोटलेलं होतं. थोडं थांबून पुढच्या दाराशी गेला, मग त्याच्या पुढच्या. कुठंच हाक आली नाही. इनी लावाईच्या दाराशी तो सगळ्यात जास्त वेळ उभा होता. आत दिवा होता. मला एवढ्या लांबून ऐकू आलं, कुणीतरी भांड्यावर झाकण ठेवलं.