विलायती म्हसोबाचे राखणदार

इंग्लंडात बर्फ पडला की कोरेगाव तालुक्यात ज्याला हुडहुडी भरते, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे बांधशेजारी. त्यांच्या आणि आमच्या रानात एक बांध आणि एक बोरीचे झुडूप, एवढेच अंतर. पलटणीत हवालदार होते म्हणून सारा गाव त्यांना हवालदार म्हणे. मी काका म्हणत असे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. सांगलीला शिकायला निघालो तेव्हा माझ्या अंगावर काकांचा पलटणीचा ओव्हरकोट होता. तो गुडघ्याखाली वीतभर येई आणि त्याला ओल्या गवताचा वास येई. आमच्याकडे तसले गवत उगवत नाही. वर्षभर उन्हात घालूनही तो वास गेला नाही, आणि काकांनाही तो जावा असे वाटत नव्हते.

लढाईत ते आफ्रिकेच्या वाळूत पकडले गेले, जर्मनांच्या तुरुंगात राहिले, बर्फातून मैलोगणती चालवले गेले आणि सुटका झाल्यावर पाय सुजलेल्या अवस्थेत विलायतेत पोचले. पाय बरे होईपर्यंत त्यांना एका छावणीत ठेवले होते. छावणीच्या तारेपलीकडे एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. बायको-मूल कोणी नसलेला माणूस. काका काठी टेकत त्याच्या गोठ्यात जाऊ लागले. "त्यो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माज्या," ते सांगत. "गाईला दोनी कळायच्या. आमाला एकबी न्हाई." तरीही चार महिन्यांत त्या दोघांनी एकमेकांची सगळी दुःखे समजून घेतली होती, आणि ती काकांनी आपल्याबरोबर बोटीतून गावाला आणली.

त्यामुळे आमच्या चावडीवर एक विचित्र गोष्ट घडू लागली. तो काळ असा की गोऱ्यांचे नाव काढले तरी माणसे थुंकत. आणि त्याच चावडीवर बसून हवालदार विलायतेतल्या शेतकऱ्याच्या हालअपेष्टांवर गहिवरून बोलत. तिकडे सरकारने तालुक्यातालुक्यात कमिट्या नेमल्या आहेत. कोणी काय पेरायचे ते कमिटी सांगते. गाय विकायची तर फॉर्म, डुक्कर कापायचे तर फॉर्म. मजूर मिळत नाही. शाळेतल्या पोरांना मार्क देतात तसे शेतकऱ्याला नंबर देतात, आणि तिसऱ्या नंबरात गेला की जमीन काढून घेतात. "माजा म्हातारा तिसऱ्या नंबरात हाय," ते खोल आवाजात म्हणत, जणू म्हातारा आजारी आहे.

"आवं हवालदार, ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्यापायी तुमी रडताय व्हय?" कोणीतरी टोमणा मारी.

"लुटलं त्यो सायेब येगळा," काका म्हणत. "ह्यो शेतकरी हाय. त्याच्या बांधाला जाऊन आलोय मी. तुमी कुटं गेलाय?"

म्हातारा तिसऱ्या नंबरात गेला तो एका कुरणामुळे. कमिटीचा हुकूम होता की कुरणे नांगरून गहू पेरा. म्हाताऱ्याने बाकी सारे नांगरले, पण एक कुरण राखून ठेवले. त्याच्या मध्यभागी पुरुषभर उंचीचा एक जुना उभा दगड होता. म्हाताऱ्याच्या आज्याने तिथे नांगर घातला नव्हता, बापाने घातला नव्हता. का, ते म्हाताऱ्याला सांगता येत नव्हते. काकांनी दगड पाहिला आणि त्यांना ते एका क्षणात कळले. त्यांनी पायातले बूट काढले. "म्हसोबा हाय त्यो. नांगर कसा घालंल?" आपल्याकडे शेताच्या राखणदाराभोवतीची जागा कोणी नांगरत नाही, हे काय विलायतेला वेगळे असेल? मात्र म्हसोबा असा कोरडा, शेंदरावाचून उभा पाहून काकांना राहवेना. शेंदूर तिथे कुठला? गोठ्यात मेंढरांच्या पाठीवर खुणा करायचा तांबडा रंग होता. तो त्यांनी गाडीच्या वंगणात कालवला आणि दगड खालपासून वरपर्यंत माखून काढला.

दुसऱ्या दिवशी कमिटीचा साहेब पाहणीला आला. फाटकातूनच त्याला तो तांबडाभडक दगड दिसला. जवळ छावणी, लढाई नुकतीच संपलेली. इथे न फुटलेला बॉम्ब पुरलेला असून ही लष्कराने केलेली खूण आहे, अशी त्याने समजूत करून घेतली आणि कागदावर काहीतरी लिहून तो आल्या पावली मागे परतला. कुरण वाचले. म्हाताऱ्याने निघताना काकांना त्या दगडाचा एक टवका काढून दिला. मूळ ठाण्याचा दगड नेऊन गावाकडे नवे ठाणे बसवावे ही आपली रीत. काकांनी तो टवका आपल्या रानाच्या वरच्या अंगाला, एका काळ्या धोंड्याखाली पुरला, भोवतीचे चार गुंठे पडीक सोडले आणि म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळायला सुरुवात केली. शब्द असा होता : तू तिकडचा राख, मी इकडचा राखतो.

"हवालदार, चार गुंठ्यात काय पेरलंय?" जाणारा येणारा विचारी.

"सबूद पेरलाय," काका म्हणत. "उगवंल तवा बगा."

म्हाताऱ्याची पत्रे वाचणे आणि उत्तरे लिहिणे हे काम माझ्याकडे आले. माझे इंग्रजी जे काही सुधारले ते या पत्रांमुळे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. वर्गात माझे सोबती कवितांचे अर्थ लावत असताना मला मेंढरांच्या खुरांच्या रोगांची सात इंग्रजी नावे येत होती. म्हसोबाला इंग्रजीत काय म्हणावे हे मात्र कुठल्याच कोशात सापडले नाही. मी 'शेताचा पहारेकरी' अशा अर्थाचे शब्द वापरले. म्हाताऱ्याने उलट टपाली पहारेकऱ्याला नमस्कार सांगितला आणि विचारले, पावसाने रंग धुपला आहे, तो मी पुन्हा लावू की त्याला काही विधी असतो?

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेता येण्यासारखे होते. पण काका बोलता बोलता मध्येच थांबत आणि नाक वर करून हुंगत. "आज तिकडं नांगर आलाय. फाटकाभाईर हुबा हाय," असे म्हणत आणि पुन्हा विडी ओढू लागत. दीड महिन्याने पत्र येई : अमुक दिवशी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चुकून माझ्या फाटकापाशी आला होता. मी दिवस मोजून पाहत असे आणि पत्र घडी घालून ठेवत असे. काकांना ते सांगण्याची गरजच नसे. ते विचारत, "गेला न्हवं माघारी?"

गोरे गेले त्या वर्षीचा शिमगा. मी सांगलीहून घरी आलो होतो. ज्वारीची काढणी चालली होती, ऊन चांगलेच तापले होते. भर दुपारी बांधापलीकडून काकांची हाक आली. ते धोंड्याजवळ उभे होते आणि त्यांचे दात वाजत होते. थंडीताप असेल म्हणून मी कपाळाला हात लावला. कपाळ नेहमीसारखे होते. "मला न्हाई," ते म्हणाले, "त्याला हात लाव." मी धोंड्यावर तळहात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. भोवतीची ढेकळे पायाला चटके देत होती, आणि तो धोंडा विहिरीच्या तळच्या दगडासारखा गार होता. त्याच्या सावलीकडच्या अंगावर मिठासारखे पांढरे काहीतरी धरले होते. मी बोट लावले तशी त्याचे पाणी झाले. आसपास एकही पाखरू बोलत नव्हते, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

काकांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि धोंड्याला लपेटली. तीन दिवस ती तशीच होती. ते तीन दिवस काका स्वतः उघड्या अंगाने कुडकुडत उन्हात बसून राहिले. माझ्या वडिलांनी रानातूनच ओरडून विचारले, "हवालदार, धोंड्याला बाळंतपण आलंय का?"

वैशाखात म्हाताऱ्याचे पत्र आले. तिकडे कोणाच्या आठवणीत नव्हता असा बर्फ पडला होता. कुंपणे बुडाली, गोठ्याची दारे बुडाली, मुलखातली मेंढरे उभीच्या उभी गाडली गेली. त्याचीही गेली असे तो समजून चालला होता. बर्फ खणत खणत तो कुरणात पोचला तेव्हा दगडाभोवती एका घोंगडीएवढी जमीन कोरडी होती, आणि तिथे सात मेंढरे एकमेकांना चिकटून उभी होती. 'घोंगडी' हा शब्द माझा. त्याने लिहिले होते, 'एका माणसाच्या पांघरुणाएवढी.' काकांनी फक्त विचारले, "सातच?" आणि ते खांद्यावरची घोंगडी काढून वितीने मोजू लागले. घोंगडी मोठी असायला हवी होती, असे त्यांना वाटत असावे.

पुढच्या उन्हाळ्यात आपल्याकडेही हुकूम निघाला : अधिक धान्य पिकवा, पडीक ठेवाल तर जमीन दुसऱ्याला कसायला देऊ. "गोरं गेलं, पर त्येंची कमिटी हितंच ऱ्हायली की रं!" काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्याच आठवड्यात म्हाताऱ्याचे पत्र आले होते की नव्या साहेबाने दगडावरचा रंग नखाने खरवडून पाहिला, तो हसला, आणि दोन महिन्यांनी शेवटची पाहणी आहे असे सांगून गेला. इकडे नांगर लागला तर तिकडे लागणार, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि खरे सांगायचे तर माझ्याही नव्हती.

महसूल खात्याचे सर्कलसाहेब पाहणीला आले ते भर दुपारी. तरुण, नवीन, डोक्यावर टोपी आणि बगलेत फायलींचा गठ्ठा.

"हे का नांगरलं नाही?"

"धोंडा हाय, सायेब."

"काढा मग."

"माजा न्हाई त्यो. विलायतेतल्या एका म्हाताऱ्याचा हाय."

साहेब मोठ्याने हसले. "गोरे गेले आणि धोंडे ठेवून गेले होय?" असे म्हणत त्यांनी फाइल उघडली आणि लिहायला सोयीचे म्हणून सरळ त्या धोंड्यावर बैठक मारली. काका "आवं, आवं—" म्हणेपर्यंत ते उडी मारून उभे राहिले होते. त्यांची विजार मागून ओलीचिंब झाली होती. आमच्या विहिरीला त्या दिवशी बादली बुडण्याइतकेही पाणी नव्हते. साहेबांनी आभाळाकडे पाहिले, धोंड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, कारण शिकलेला मी एकटाच दिसत होतो. त्यांनी उभ्यानेच लिहिले, 'सदर जागा पाणथळ, लागवडीस अयोग्य', आणि पाणी न पिताच ते निघून गेले.

तिकडच्या साहेबाचाही शेरा पुढे कळला. आठवडाभर पाऊस लागला होता. कुरणात बूट रुतला म्हणून त्यानेही जवळजवळ हेच लिहिले होते.

त्यानंतर पत्रे विरळ झाली. म्हाताऱ्याचे अक्षर थरथरू लागले, मग ओळी उतरत्या होऊ लागल्या. मी बी. ए. झालो त्या जूनमध्ये पेढे घेऊन काकांच्या रानात गेलो. काकांनी बैल जुंपले होते आणि राखलेले चार गुंठे ते नांगरत होते. मी धावत जाऊन कासरा धरला.

"काका, काय करताय हे? शब्द दिला होता ना?"

"ज्याला दिला त्यो सुटला," काका म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि हात मात्र नांगरावर स्थिर होता. "पाटंला येऊन गेला. बोलला न्हाई काय. फाटक लावून घेतल्यावानी आवाज झाला, बस. आता राखायचं कुणासाटी? सोड बाबा. आपल्या हातानं झालेलं बरं. परक्याच्या नांगरानं नगं."

मी कासरा सोडला. त्यांनी सारे नांगरले, पण धोंड्यापाशी आल्यावर बैल वळवले आणि भोवती एक गोल राहू दिला, बैलजोडी वळेल एवढाच. मग माझ्या हातातला पेढा घेऊन अर्धा धोंड्यावर ठेवला, अर्धा स्वतः खाल्ला. "बी. ए. झालास," ते म्हणाले. "त्याला कळवाय पायजे हुतं."

म्हाताऱ्याच्या पुतणीचे पत्र श्रावणात आले. म्हातारा झोपेतच गेला होता, काकांनी नांगर घातला त्याच दिवशी पहाटे. जमीन दुसऱ्याकडे गेली आणि कुरण लगेच नांगरले गेले. फक्त एक गोष्ट तिला चमत्कारिक वाटली होती. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने दगडाभोवती एक गोल सोडला होता. दगडाला अगदी लागून नांगरता आले असते, मग तू का वळलास असे तिने त्याला विचारले. त्याला काही सांगता आले नाही. बैल वळावेत तसा तो वळला होता.

काकाही पुढे फार दिवस राहिले नाहीत. त्यांचा कोट माझ्याकडे आहे. त्याचा वास आता गेला. परवा रजेवर गेलो तेव्हा भर दुपारी त्या गोलात जाऊन धोंड्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. धोंडा चांगला तापलेला होता, आपल्याकडचे धोंडे तापतात तसाच. त्या दोघांना आता थंडी वाजत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि घराकडे वळलो.