मामांचा बिनबटणांचा मिक्सर

माझ्या बायकोच्या मामांइतका कान देऊन ऐकणारा माणूस अख्ख्या नाशिकमध्ये दुसरा नसेल. फक्त तुम्ही काय बोलताय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. लग्न ठरायच्या वेळी मी त्यांच्यासमोर बसून माझं शिक्षण, नोकरी, घरची माणसं असं सगळं अवघडत सांगितलं. सांगून झाल्यावर सगळे मामांकडे बघायला लागले, कारण त्या घरात त्यांच्या मताला मान होता. मामा म्हणाले, "आवाज चांगला आहे मुलाचा. जरा नाकात अडकतो, पण आठशेच्या आसपास थोडं कमी केलं की मोकळा होईल." आठशे कसले, हे कुणालाच कळलं नाही. माझ्या नाकाचा काही आजार आपण लपवतोय असं त्यांना वाटलं असेल का, ही काळजी माझ्या आईला पुढे महिनाभर पुरली.

मामा ओझरच्या विमान कारखान्यात इलेक्ट्रिकलचं काम बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या कार्यक्रमांचा साउंड करायचे. निवृत्त झाल्यावर साउंडच उरला. ते आठशे म्हणजे आवाजाचे हर्ट्झ, हे मला पुढे कळलं. कुठल्याही हॉलमध्ये पाऊल टाकलं की ते एकदा जोरात टाळी वाजवतात आणि आवाज भिंतींवरून कसा परत येतो ते मान तिरकी करून ऐकतात. लग्नाच्या हॉलमध्ये हे खपून जातं. एका ओळखीच्या गृहस्थांच्या शोकसभेत मात्र त्यांनी दारातच टाळी वाजवली आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. मामा अतिशय गंभीरपणे म्हणाले, "पडदे नाहीत. भाषणं समजणार नाहीत." पुढे खरोखरच ती समजली नाहीत, पण त्याबद्दल कुणी मामांचे आभार मानले नाहीत.

त्यांचा पूर्वीचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज कमीजास्त करायचं यंत्र, पलंगाच्या फळीएवढा होता आणि त्याला इतकी बटणं होती की त्यामागे उभा असलेला माणूस आपोआप महत्त्वाचा वाटायचा. चार वर्षांपूर्वी त्यांनी तो देऊन टाकला आणि डिजिटल मिक्सर आणला. हा म्हणजे लोखंडी रॅकमध्ये स्क्रूने पक्का बसवलेला एक काळा डबा. समोर माइकच्या वायरी खुपसायला सोळा भोकं, आणि बटण औषधालाही नाही. आवाज वरखाली करायचा तो सगळा हातातल्या टॅबवरून, वायफायने. डबा स्टेजच्या कडेला ठेवायचा आणि मामा शेवटच्या रांगेत प्रेक्षकांत जाऊन बसायचे. त्यामुळे आयोजक कार्यक्रम रंगात आल्यावरही साउंडवाल्याला शोधत फिरायचे. एकदा शेजारच्या बाईंनी त्यांना दटावलं, "आजोबा, गेमच खेळायचा तर घरी बसून खेळा की." मामांनी मान हलवली आणि तबला किंचित खाली घेतला.

प्रत्येक गाणाऱ्याच्या आवाजाची सेटिंग त्या डब्यात नावानिशी साठवलेली आहे. मी एकदा यादी पाहिली. त्यात 'जोशीकाकू' होत्या आणि लगेच खाली 'जोशीकाकू सर्दी' होत्या. शिवाय प्रत्येक माइकचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड होतो, त्यामुळे मंडळातल्या आठ जणींपैकी नेमकं कोण बेसूर आहे हे मामांना पुराव्यानिशी माहीत असतं. ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

हे मंडळ म्हणजे गंगापूर रोडवरच्या त्यांच्या कॉलनीतलं भजनी मंडळ, आणि त्यातला मुख्य आवाज मामींचा. मामी काळी चार या उंच पट्टीत गायच्या, आणि वर गेल्या की बाकीच्या सात जणी आपोआप गप्प व्हायच्या. मामींना त्या डब्याचं कौतुक एवढंच होतं की तो चालू असला की गरम होतो. नाशिकच्या थंडीत दही लागत नाही, म्हणून त्या विरजणाचं भांडं सरळ त्यावर ठेवायच्या. "हवेची जाळी तेवढी झाकू नकोस," एवढंच मामा म्हणायचे.

गेल्या वर्षी मामींचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण आवाज बसला तो बसलाच. बोलणं घोगरं का होईना, सुधारलं. वरचे सूर मात्र गेले. डॉक्टर म्हणाले, येतील किंवा येणार नाहीत. मामींनी मंडळात जाणं बंद केलं.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा जोशीकाकू आणखी दोघींना घेऊन घरी आल्या. मीही तिथेच होतो. काकूंनी चाचरत विषय काढला. मामींचा जुना आवाज मामांकडे वेगळा रेकॉर्ड केलेला आहेच. मामींनी नेहमीसारखं मध्ये बसावं, नुसते ओठ हलवावेत, आणि आवाज मामांनी डब्यातून सोडावा. "तुमच्याशिवाय ती जागा रिकामी बघवत नाही हो," काकू म्हणाल्या, आणि त्या खरंच कळवळून बोलत होत्या.

मामा म्हणाले, "करता येईल." मग मामींकडे वळून, "तू सांग."

"आधी ऐकवा तरी," मामी म्हणाल्या.

मामांनी बाकीचे सगळे माइक बंद करून फक्त मामींचा जुना आवाज लावला. ना पेटी, ना टाळ. खोलीत तो एकटा आवाज वर वर चढत गेला. मामी खाली बघून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान गायची ही बाई." आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. बायकाही उठल्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी घरच्या हॉलमध्येच माइक मांडला. "तुझा आवाज गेलेला नाही, खाली सरकलाय. वर शोधू नकोस. तू गा, बाकीचं मी बघतो."

"माझा गळा म्हणजे तुमचं मशीन नाही," मामी म्हणाल्या.

मामांनी माइक काढून ठेवला. आठवडाभर त्यांनी डब्याचा स्विचही लावला नाही. तसा आठवडा त्या घराने पाहिलेला नव्हता. मग एका सकाळी मेथी निवडताना मामी स्वतःशीच काहीतरी खालच्या सुरात गुणगुणायला लागल्या. मामा गॅलरीत होते, ते तिथेच थांबले. मामींचं गुणगुणणं संपल्यावर दारातून हळूच म्हणाले, "पांढरी तीन."

मामी परतल्या आणि मंडळाने त्यांच्यासाठी एक अभंग पांढरी तीनमध्ये बसवला. इतक्या खाली आवाज पोटात जातो अशी बाकीच्यांची कुरकुर होती, पण बसवला. कार्यक्रमाला हॉल भरला. मामांनी मामींचा माइक आधी मुद्दाम कमी ठेवला होता, त्या गायला लागल्या की वर न्यायचा. त्या गायला लागल्या आणि तेवढ्यात टॅबचं कनेक्शन गेलं. हॉलमध्ये शेकडो फोन, त्या गर्दीत वायफाय हरवलं. मामींचा आवाज पेटीखाली दबला होता, आणि डब्याला फिरवायला बटण नव्हतं. मी मामांच्या शेजारीच होतो. त्यांची बोटं काचेवर दोनदा फिरली, तिसऱ्यांदा फिरली नाहीत. टॅब माझ्या मांडीवर ठेवून ते उठले आणि सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने चालत स्टेजवर गेले.

मामींच्या पुढ्यात गुडघे मोडून ते बसले, स्टँडवरचा माइक काढला आणि हाताने त्यांच्या ओठांजवळ धरला. सूर खाली गेला की माइक जवळ, चढला की थोडा लांब. मामींनी एकदा डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले. तो घोगरा, जाडसर आवाज हळूहळू शेवटच्या रांगेपर्यंत यायला लागला. बाकीच्या सात जणी गप्प झाल्या. अभंग संपला तरी मामा उठेनात, कारण गुडघे धरले होते. उरलेला कार्यक्रम ते बायकांच्या मधोमध बसून होते, आणि मंडळाच्या त्या वर्षीच्या फोटोत आठ जणींबरोबर तेही आहेत.

मामींचे वरचे सूर परत आले नाहीत. आता येणार नाहीत, असं डॉक्टरांनीही सांगितलंय. गुडघ्यांमुळे मामा बाहेरची कामं घेत नाहीत. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते एकटेच हॉलमध्ये टॅब घेऊन बसले होते. मी विचारलं, मामींचं ते जुनं रेकॉर्डिंग अधूनमधून लावता का.

"नाही हो," ते म्हणाले. "जपून ठेवलंय. पण ती आत असताना ते कशाला लावायचं?"

आतून मामींनी चहा झाल्याची हाक मारली. मामा खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला लागले. त्यांना आता वेळ लागतो, आणि कुणी हात दिलेला त्यांना आवडत नाही. मी थांबलो.