न घडलेल्या गोष्टींची साक्ष

ख्रिस्ती श्रद्धेने माणसाचे मन मुळापासून नवे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांचे झाले ते समजामामा नेकनूरला आमच्या शाळेत शिपाई होते आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहत. मन नवे झाल्यावरही त्यांना पूर्वीचीच सगळी संकटे दिसत. फरक एवढाच पडला, की नंतर ते त्यांच्याबद्दल आभार मानू लागले.

'समजामामा' हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेले. मामांचे वाक्य 'समजा'शिवाय सुरू होत नसे आणि 'समजा'च्या पुढे कधी काही बरे येत नसे. "समजा, ह्यो पंखा पडला." "समजा, पोरगं जेवता जेवता हसलं आन् घास अडकला." बीडपर्यंत एस.टी.त त्यांच्या शेजारी बसले की उतरताना आपण थोडक्यात वाचलो असे वाटे. ड्रायव्हरला बिचाऱ्याला कशाचीच कल्पना नसे.

एका पंधरा ऑगस्टला तालुक्यातले एक पुढारी झेंडावंदनाला आले होते. अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे चार माणसे आणि हातात भाषणाचे कागद. त्या कागदांची जाडी पाहून आम्ही शिक्षकांनी शरीराचे वजन आधीच एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतले. दोरी हातात देताना मामा हळूच म्हणाले, "साहेब, समजा, झेंडा उघडलाच न्हाई." झेंडा व्यवस्थित उघडला. साहेबांना मात्र पुढे सूर सापडेना, आणि ते दोन-चार वाक्यांत 'जय हिंद' म्हणून खाली बसले. शाळेला मामांनी काय दिले असे कोणी विचारले, तर मी हेच सांगतो.

"मामा, एवढी काळजी कशासाठी?" असे मी एकदाच विचारले. ते शाळेची घंटा पुसत होते. म्हणाले, "गुरुजी, एकदाच बिनघोर झोपलतो. थोरल्याला जरासा ताप व्हता. म्हनलं, सकाळपत्तोर उतरंल." घंटा लखलखीत झाली होती, तरी पुसतच राहिले. थोरला म्हणजे त्यांचा पहिला मुलगा. तो गेल्यानंतर करुणा झाली. तेव्हापासून मामा सगळ्या जगाच्या राखणीला बसले होते. मचाणावरच्या माणसाला डुलकी लागली की पाखरे कणीस खातात, हा त्यांचा हिशेब होता, आणि त्यात ते दुसऱ्यांदा चुकणार नव्हते.

मामांचे घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. गावाच्या टोकाला पत्र्याचे एक प्रार्थनाघर आहे. उद्याची काळजी करू नका, हे तिथे अधूनमधून सांगितले जाई. मामा मान डोलवीत आणि वरच्या पत्र्याचे खिळे बघत. एका हिवाळ्यात शहरातून एक मोठे उपदेशक आले. मांडव, कर्णे, रंगीत दिवे, आणि 'चिंतामुक्त जीवन' असा फलक, ज्यावर उपदेशकांचा फोटो प्रभूच्या चित्रापेक्षा चांगला दीडपट होता. शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली चिंता चिठ्ठीवर लिहून शेगडीत टाकायची होती. मामांनी चिठ्ठी टाकली नाही. ते पाण्याने भरलेली बादली घेऊन शेगडीशेजारी उभे राहिले. "समजा, मांडव पेटला."

उपदेशक कर्ण्यावरून म्हणाले, "या भावाचा विश्वास कमी पडतो आहे." एवढ्यात वारा सुटला आणि कोणाची तरी जळती चिंता उडून उपदेशकांच्या कोटावर बसली. मामांनी बादली रिकामी केली. चिंतामुक्त जीवनाचा समारोप उपदेशकांनी कुडकुडत केला. याचा परिणाम असा झाला, की मामांची काळजीवरची श्रद्धा दुप्पट झाली.

आणि ती करुणाच्या मुळावर आली. करुणा बीडला एका दवाखान्यात नर्स होती. शहाणी, हसतमुख, बापाची चेष्टा करत त्याला सांभाळणारी. तिला पाहायला पहिले पाहुणे आले तेव्हा मामांनी मुलाला विचारले, "समजा, लगीन झालं आन् म्हैन्याभरात तुमालाच काई झालं, तर?" मुलाची आई चहा अर्धा ठेवून उठली. दुसऱ्या खेपेला मामा मुलाच्या शेतातल्या विहिरीत इतका वेळ वाकून बघत राहिले, की त्या लोकांनी निरोपच पाठवला नाही.

तिसरे स्थळ दिंद्रुडचे. ते करुणाने स्वतःच शोधले होते. मुलगा औषधाच्या दुकानात कामाला, त्याचे वडील शिंपी. करुणा माझ्यासमोर मामांना म्हणाली, "पप्पा, ह्यावेळी तुमी फक्त चहा प्यायचा. हे मोडलं, तर मी परत कुनापुढं बसणार न्हाई." ती हसत म्हणाली नाही, हे आम्हा सर्वांच्या लक्षात आले.

त्याच आठवड्यात मामींनी पाळकसाहेबांना घरी बोलावले. पाळकसाहेब म्हणजे प्रार्थनाघराचे धर्मगुरू, बीडहून एस.टी.ने येणारे, बाराही महिने सर्दी असलेले एक किरकोळ गृहस्थ. मामी म्हणाल्या, "साहेब, ह्येंच्या डोक्यातून हे काढा. मी तर आता ह्येंनी 'सम' म्हनलं की आदी गॅस बंद करते."

पाळकसाहेबांनी नाक पुसले. "मामा, राखण कुणाची करता?"

"समद्यांची."

"थोरल्याच्या वेळी जागे असता, तर तो राहिला असता?"

मामींचा हात कपबशीवर थांबला. मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "ठावं न्हाई."

"मलाही नाही. पण राखणदार तुम्ही नाही, एवढं मला ठाऊक आहे. तो वर आहे, आणि त्याला डुलकी लागत नाही."

"मग मी रातभर काय करू?"

"झोपा. मनात काही आलंच, तर ते त्याला सांगून मोकळे व्हा. आणि आठवड्यानं बघा. जे झालं नसेल त्याचे आभार माना."

मी श्रद्धेच्या बाबतीत कोरडा माणूस आहे, पण कर्ण्याशिवाय सांगितलेली ही गोष्ट मला पटली. पाळकसाहेबांची चूक एकच झाली. आभार कुठे मानायचे ते त्यांनी सांगितले नाही.

रविवारच्या उपासनेत साक्ष देण्याची पद्धत असते. देवाने आपल्यासाठी काय केले ते कोणीही उभे राहून सांगतो. कोणाचा आजार बरा झालेला असतो, कोणाला नोकरी लागलेली असते. त्या रविवारी मामा उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या आठवड्यात आमच्या घरात साप निगाला न्हाई. गॅसची टाकी फुटली न्हाई. करुणाची एस.टी. पलटी झाली न्हाई. प्रभूची स्तुती असो." मंडळीने 'आमेन' म्हटले, पण जरा विचार करून. पुढच्या रविवारी यादी वाढली. मामांची कल्पनाशक्ती मोठी होती आणि देवाने अक्षरशः काहीही होऊ दिले नव्हते. थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडून मला घोरणे ऐकू येऊ लागले. माझी झोप गेली, पण शेजारधर्म म्हणून मी बोललो नाही.

दिंद्रुडचे पाहुणे रविवारी सकाळीच आले. आधी उपासना, मग जेवण, मग बोलणी असे ठरले होते. शेजारी म्हणून मलाही बोलावणे होते. गीत संपले. पाळकसाहेबांनी सवयीने विचारले, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" आणि विचारून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मामा उभे होते.

"ही सोयरीक आली तवा माज्या मनात लई वाईटसाईट आलतं. वाटलं, पोरगं पीत आसंल. चौकशी केली, पीत न्हाई. वाटलं, बापावर एखादी केस आसंल. न्हाई. वाटलं, सासू खाष्ट आसंल." इथे ते थांबले आणि त्यांनी बायकांच्या बाजूला नीट बघितले. "तसं काई दिसत न्हाई. प्रभूची स्तुती असो."

'आमेन' कोणी म्हटले नाही. मामींचे "बसा खाली" दबक्या आवाजात आले, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. करुणाने पदर तोंडावर घेतला. मुलाचे वडील उठले तेव्हा ते चप्पल शोधायला उठले असेच मला वाटले.

"मलाबी साक्ष द्यायचीय," ते म्हणाले. "आमीबी चौकशी केलती. स्टँडवर इचारलं. लोक म्हनले, पोरगी सोन्यावानी हाय, पर बाप येडा हाय. भीत भीतच आलो." त्यांनी मामांकडे वरपासून खालपर्यंत बघितले, शिंपी माप घेताना बघतो तसे. "तेवढा न्हाई. प्रभूची स्तुती असो."

त्या 'आमेन'ने पत्रा हादरला. मामांनी वर खिळ्यांकडे बघितले नाही. करुणा पदराआडून रडत होती की हसत होती ते तिलाही पुढे सांगता आले नाही. जेवण लग्न ठरल्यावरच वाढले गेले.

मामा निवृत्त झाले, दोन नातवंडांचे आजोबा झाले आणि गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले. मी रोज संध्याकाळी जाऊन बसत असे. एकदा ते म्हणाले, "गुरुजी, समजा, मी गेलो." मी पुढच्या संकटाची वाट बघत राहिलो. ते आलेच नाही.

"मग?" मी विचारले.

"मग काय न्हाई. थोरला भेटंल." त्यांनी डोळे मिटले. मी उठणार तेवढ्यात पुन्हा उघडले. "पर समजा, मातीच्या दिवशी पाऊस आला. लोक भिजतील. पाळकसाहेबांना आधीच सर्दी हाय. एक ताडपत्री बगून ठिवा."

ती मीच आणली. कबरीवर पाळकसाहेब प्रार्थना करत होते आणि आम्ही सहा जण चार बाजूंनी ताडपत्री धरून उभे होतो. दिंद्रुडचे शिंपी माझ्या शेजारच्या कोपऱ्याला होते.

पुढच्या रविवारी मी न बोलावता प्रार्थनाघरात जाऊन मागे बसलो. साक्षीची वेळ आली तेव्हा मामी उठल्या. त्या याआधी कधी उठल्या नव्हत्या. "मातीच्या दिवशी पाऊस आला न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनीबी भिजलं न्हाई. प्रभूची स्तुती असो."

सगळ्यांनी 'आमेन' म्हटले. मीही म्हटले.

मे महिना होता.