सेट झालं का?

‘सेट’ हा इंग्रजी शब्द आमच्या घरात पुरता मुरलाय. केस सेट होतात, डब्यांचा सेट येतो, मिक्सरचं भांडं नीट सेट करावं लागतं, भाचा बंगळुरात सेट होतो, आणि दहीसुद्धा हल्ली लागत नाही, सेट होतं. म्हणजे बायकोचं होतं. माझं आजवर एकदाही झालं नव्हतं, कारण झालं का हे पाहायला मी सारखं पातेलं तिरपं करायचो.

तरीही यंदा पाडव्याच्या श्रीखंडाचं दही लावायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. “डेअरीत चक्का सांगून ठेवते हं,” बायको म्हणाली. ते फार झोंबलं. आदल्या दिवशी सकाळी विरजण लावलं, झाकण ठेवलं आणि मोह नको म्हणून थेट ताईकडे जाऊन बसलो.

ताई भाच्याशी फोनवर बोलत होती. “सेट झालास का रे? शेजार बरा आहे ना? नक्की सेट झालास ना?” मला एकदम उमगलं, या शब्दाचे अर्थ कितीही असोत, माणूस काय नि दही काय, सारखं हलवून पाहिलं तर सेट व्हायचं कसं?

“ताई, पातेलं तिरपं करू नकोस,” मी म्हणालो.

“डोकं फिरलंय का तुझं?”

संध्याकाळी घरी आलो. बायकोने झाकण काढून दह्यात चमचा खोचला. तो ताठ उभा राहिला!

“अहो, केलंत तरी काय?”

“काहीच नाही,” मी छाती फुगवून म्हणालो.