येऊरच्या वाटेवर जी माझ्याबरोबर थांबली

आमच्या घरात अमावस्येलाही नखं कापतात आणि मांजर आडवं गेलं तर त्याला दूध देतात. त्यामुळे असलं काही मी कधी लिहीन, असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डोंबिवलीत मानपाड्याला राहते. जे झालं ते जसंच्या तसं सांगते...

गेल्या ऑक्टोबरमध्ये वीकेंडला आम्ही येऊरला गेलेलो. ठाण्यातून वर चढलं की नॅशनल पार्कच्या कडेला भाड्याने बंगले मिळतात, तिथे. आम्ही तिघीच — मी, मनाली आणि रुचा. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, तिघी एकाच पेशातल्या. त्यात मनाली म्हणजे मला बहिणीसारखी. आम्ही दोघी मिळून नौपाड्यात क्लिनिक काढणार होतो. जागा बघून ठेवलेली, आणि त्या भरवशावर मी नोकरीचा राजीनामासुद्धा दिलेला.

रविवारी सकाळी नाश्ता करून जंगलात फिरायला निघालो. ऊन कडक होतं, पण झाडांखाली गारवा होता आणि ओढ्याला अजून पाणी होतं. त्या दोघी पुढे, हळू आवाजात काहीतरी बोलत. मी फोटो काढत मागे राहिलेले. ओढा ओलांडताना दगडावरून पाय सरकला आणि घोटा जोरात मुरगळला. मी हाक मारली. मनालीने वळून पाहिलं, आमची नजरानजर झाली... आणि ती रुचाबरोबर वळणाआड गेली.

मी तिथेच बसून राहिले. फोनला रेंज नव्हती. बऱ्याच वेळाने मनाली एकटीच परत आली. मी इतकी चिडलेले, पण तिला बघून रडूच आलं. माझा स्टोल घेऊन तिने घोटा घट्ट बांधला, अगदी आम्ही पेशंटला बांधतो तसा, आणि मला खांद्याचा आधार देऊन चालवायला लागली. एवढ्या उन्हातही तिचा हात थंडगार होता. एरवी तिचं तोंड क्षणभर बंद नसतं. त्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "पूर्वा, नौपाड्याची जागा मी रुचाबरोबर घेतलीये. तुला सांगायची हिंमत होत नाहीये."

मनाली मला कधीच पूर्वा म्हणत नाही, पूर्वे म्हणते. पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. मी फक्त 'का' असं विचारत राहिले. तिने हात मात्र सोडला नाही.

बंगल्याचं फाटक उघडायला मी पुढे झाले. आत व्हरांड्यात मनाली आणि रुचा चहा पीत बसलेल्या. मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

"पूर्वे, किती वेळ लावलास गं," मनाली म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नौपाड्याची जागा तुम्ही दोघींनी घेतलीत?"

रुचाने मनालीकडे पाहिलं. "तू सांगितलंस हिला?"

"नाही गं. कधी सांगणार?"

मी म्हटलं, "आत्ता. वाटेत."

मनालीचा चेहरा पांढरा पडला. त्या दोघी पुढच्या वाटेने फिरून कधीच्या परत आलेल्या आणि व्हरांड्यातून हललेल्याही नव्हत्या. बंगला सांभाळणाऱ्या मावशींनीही तेच सांगितलं. जागेचं मात्र खरं होतं. मनालीने मान खाली घालून कबूल केलं की मी पडले ते तिने पाहिलेलं. थांबली असती तर दोघी काय बोलत होत्या ते मी विचारलं असतं, म्हणून पुढे गेली म्हणे. मी सामान उचललं, रिक्षा बोलावली आणि तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी कळलं, लिगामेंट फाटलेलं. असल्या पायाने चालत कशी आलात, असं डॉक्टरांनी विचारलं. नवरा म्हणतो, त्यांचं बोलणं तुझ्या कानावर पडलं असेल आणि पाय तूच बांधला असशील. असेलही. पण माझ्या कमरेभोवती एक हात होता, हे मला पक्कं आठवतंय.

क्लिनिक आता सुरू आहे, त्या दोघींचं. मनालीचा अधूनमधून फोन येतो. दर वेळी घाबरत विचारते, त्या दिवशी तुझ्याबरोबर कोण होतं? मला खरंच माहीत नाही. मग मी विचारते, तू का नाही आलीस? ती फोन ठेवून देते.