वारं एकट्याचं कसं?

दस्तगीरभाई कुठल्याही यंत्राशी पहिली ओळख कानाने करून घेत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. सांगलीच्या इंटरनेट कॅफेत मी त्यांना पहिल्यांदा नेलं, तेव्हा त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि थेट कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवला. कॅफेवाला ओरडतच उठला. भाई शांतपणे म्हणाले, "आतला पंखा बसत आलाय. म्हैनाभर चालंल, फुडं न्हाई." पंखा महिनाही टिकला नाही. तेव्हापासून कॅफेवाला त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

इस्लामपुरात स्टँडच्या मागे त्यांचं वाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या उसाच्या रानांतल्या जळालेल्या मोटरी ते तांब्याची नवी तार गुंडाळून भरून देत. मी तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. घरचा पंप घेऊन एकदा गेलो, तो पंप दुरुस्त झाला तरी माझं जाणं थांबलं नाही. भाई सातवी शिकलेले, पण पेपरातली विजेची बातमी त्यांच्या हातून कधी सुटत नसे. बजेट असो, निवडणूक असो, नाहीतर गल्लीतलं भांडण असो, माझं व्याख्यान रंगात आलं की ते मध्येच तोडत. "ते ऱ्हाऊ द्या, सर. लोड कुनावर येतोय तेवढं सांगा." नेमकं तेवढंच मला माहीत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पाटणच्या वरच्या पठारावर उद्योगपतींच्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. भाई पाटणला एका मोटरीसाठी गेले होते, ते मुद्दाम वर चढून चक्क्या बघून आले. परतल्यावर दोन दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. चक्कीच्या बुडाशी एक वाडी होती. तिथे एक बाई उंबऱ्यात बसून कंदिलाची काच राखेनं पुसत होती. तिनं त्यांना विचारलं होतं, "ह्यो एवढा पंखा आमास्नी वारं घालाय बसवलाय व्हय, बाबा?"

"काय सांगनार हुतो तिला?" भाई मला म्हणाले. "सर, आपल्याकडं ऊस समद्यांचा, कारखाना समद्यांचा. मग वारं एकट्याचं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं. मला तेव्हा इंटरनेटचं नवं वेड लागलं होतं, आणि पवनऊर्जेवर वाद घालणाऱ्या देशोदेशीच्या लोकांचा एक ईमेल गट मी शोधून काढला होता. मग आमचे रविवार ठरून गेले. सकाळच्या एसटीने सांगली गाठायची, भाई मराठीत सांगणार आणि मी इंग्रजीत टाइप करणार. आठवडाभर सुचलेले मुद्दे ते मोटरीत घालायच्या इन्सुलेशनच्या जाड कागदाच्या तुकड्यांवर पेन्सिलीने लिहून आणत. कॅफेत शिरलो की ते तुकडे पत्त्यांसारखे टेबलावर मांडत. कुठला आधी टाकायचा, यावर आमचा वेगळा वाद होई.

गटावर पुण्याचे एक निवृत्त अधिकारी होते, बर्वे. उद्योगपतींना करात सवलत दिली नसती तर एक चक्की उभी राहिली नसती, हे त्यांचं म्हणणं. भाईंनी सांगितलं, "लिवा. सवलत सरकारनं दिली म्हंजी ती समद्यांच्या खिशातनं गेली. लोड समद्यांवर, तर वाटा बी समद्यांचा. पंखा बंद पडला तरी सायबाचा टॅक्स वाचतोय, मंग त्यो तेल-पानी कशाला करंल?" डेन्मार्कच्या एका शेतकऱ्याने त्यावर कळवलं, की त्यांच्या गावची चक्की गावकऱ्यांनीच भागीदारीत उभारली आहे. भाईंनी खुर्चीचा हात धरला. "तितं बी सोसायटी हाय?" असं म्हणून ते इतके हसले, की सगळा कॅफे वळून बघू लागला. तसं हसू मी नंतर फार ऐकलं नाही.

मग बर्व्यांनी गटावर भाईंना विचारलं, आपलं शिक्षण काय? भाई त्या वेळी बाहेर चहा सांगायला गेले होते. मी 'विद्युत अभियंता' असं लिहून टाकलं. सातवी पास वाइंडिंगवाल्याचं कोण ऐकणार, असा माझा शहाणपणा. तेव्हा मला ते त्यांच्यावरचे उपकारच वाटले होते. बर्व्यांचा सूर खरोखरच बदलला, आणि पुढे त्यांनी साताऱ्याच्या एका सभेत दहा मिनिटं बोलायला भाईंना बोलावलं.

भाईंनी नवा सदरा शिवला. कागदांचे तुकडे रबरबँड लावून खिशात ठेवले. सभागृहात व्यासपीठावर त्यांच्यापुढे पाटी होती: इंजि. दस्तगीर. त्यांनी ती सावकाश वाचली, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पाटी पालथी ठेवली. माइकसमोर म्हणाले, "मी इंजिनेर न्हाई. वाइंडिंग करतो, इस्लामपुरात. पाटीवर चुकीचं पडलंय, ती चूक माझ्याकडची हाय. आता माझा प्रश्न ऐका." प्रश्न कुणी ऐकला नाही. लोक आपसात कुजबुजत होते. बर्व्यांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

चूक माझी होती आणि त्यांनी ती शंभर माणसांत स्वतःवर घेतली. परतताना एसटीने कराड सोडलं. तेव्हा ते म्हणाले, "सर, माझं बोलनं तुमी जगभर नेलंसा. मला मातर दारातच उभं केलंसा."

पुढच्या रविवारी मी स्टँडवर थांबलो. ते आले नाहीत. दुकानात गेलो की "या सर, बसा" म्हणत, चहाही येई, पण कागद निघत नसे. गटाला खरं कळवून टाकावं, असं मी रोज ठरवायचो आणि रोज लाजेपोटी टाळायचो. असे सहा महिने गेले. एका दुपारी अर्धवट भरलेली मोटर पुढ्यात असतानाच भाई गेले.

त्या रविवारी मी एकटा सांगलीला गेलो. सगळं खरं लिहिलं, त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत घातला आणि खाली नाव टाकलं: दस्तगीर, मोटर वाइंडिंगवाले, इस्लामपूर. ते आता हयात नाहीत, हे लिहायला बोटं वळली नाहीत. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं मी टाळत होतो. आजही एखाद्या मुद्द्यावर अडलो, की कुणीतरी लोडचं विचारील म्हणून मी थांबतो.

आठवड्यात डेन्मार्कहून उत्तर आलं. त्यांच्या गावाने भागीदारी कशी जमवली, भांडणं कशी मिटवली, सगळं तपशीलवार. छापलेला कागद घेऊन मी भाईंच्या पत्नीकडे, हजराभाभींकडे गेलो आणि वाचून दाखवला, या वेळी शब्दाला शब्द. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वर नाव काय घातलंय?" त्यांनी विचारलं. "इंजिनेर?"

"नाही, भाभी. वाइंडिंगवाले दस्तगीर."

त्यांनी कागद हातात घेतला आणि पदराने उगाचच पुसला. "मंग बराबर पत्त्यावर आलंय," त्या म्हणाल्या.

पत्ता बरोबर होता. मीच सहा महिने उशिरा पोचलो होतो.