परक्या छपरावर न उतरणारी कबुतरं

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमची पलटण उत्तरेत, बर्फातल्या पोस्टवर होती. मी मुदखेडचा, वायरलेस ऑपरेटर. नाईक गौतम जळकोटजवळच्या खेड्यातला. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टूचा पहारा, मग चहा, मग बर्फ उपसणं, आणि उरलेल्या वेळात गौतमची कबुतरं. त्याच्या घरी शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ होती. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो सांगायचा. छाती भरलेली हवी, पंख मिटले की फट दिसू नये, डोळा स्थिर हवा. पण घराणं ओळखायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

"परक्या छपरावर उतरत न्हाई ते खरं रक्त," तो म्हणायचा. "खाण तशी माती."

त्या वर्षी गावाकडे दुष्काळ. गौतम सुट्टीवर असताना त्यांची तीन कबुतरं शर्यतीसाठी भोपाळहून सोडली. दोन उत्तम नर परतलेच नाहीत. सगळं रान कोरडं, आणि पाण्यासाठी ते कुणाच्या दारी उतरले नसणार. हलकी समजलेली मादी तेवढी चौथ्या दिवशी आली, पायांना कुणाच्या तरी गोठ्यातला चिखल घेऊन. वडिलांनी, केरबांनी, पुढची पैदास तिचीच ठेवायची ठरवली. तिनं घराण्याला बट्टा लावला, असं गौतमचं म्हणणं. बापलेकांत वाजलं. पोस्टवर परतला तरी गडी फुरंगटलेलाच होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी वरच्या पोस्टचा रेडिओ बंद पडला. गौतम दोन जवानांना घेऊन नवी बॅटरी पोचवायला निघाला. दुपारी हवा बिघडली. सीओ साहेबांचा हुकूम मी सेटवर सांगितला.

"मधल्या पोस्टवर थांब. ओव्हर."

"दोघांना इथं ठेवलंय. मी पुढं निघालो. ओव्हर."

"निगेटिव्ह. थांब. ऑर्डर आहे. ओव्हर."

"वरची पोरं वाट बघून राहिली असतील. पोचतो. आउट."

तो पोचला नाही. वादळ शमल्यावर सापडला. बॅटरी गोठू नये म्हणून त्याने ती कोटाच्या आत छातीशी धरली होती. वरचे सगळे सुखरूप होते.

देह घेऊन मी त्याच्या गावी गेलो. सगळं आटोपल्यावर केरबांनी मला ढाबळीपाशी नेलं. ती मादी पिल्लांवर बसली होती.

"वायरलेसवर तुमीच होता?"

"हाव, काका."

"थांब म्हणलं होतं त्याला?"

"दोनदा."

त्यांनी पाण्याचं भांडं मादीपुढे सरकवलं.

"मग माझंच चुकलं. माझ्या बापाला गावच्या लोकांनी हिरीवर पान्यासाठी लई ताटकळत ठेवलं होतं. म्हणून पोराला ल्हानपनापासून सांगत आलो, तहानेनं जीव गेला तरी परक्याच्या दारात थांबायचं न्हाई."

मी त्यांचा हात धरून तिथेच बसलो.

नाईक गौतम शूर होता, असं लोक अजून म्हणतात. होताच. पण मला तो जिवंत हवा होता.